ऑनलाइनवरून परत वर्गात: कॉन्व्हेंट आणि मिशन शाळांनी कोणतं काम कधी करायचं

महाराष्ट्रात कोविडकाळात शाळा एकदाच बंद झाल्या आणि एकदाच उघडल्या, असं झालं नाही. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावी, २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवी, मग पुन्हा कुलूप. ४ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरुवात, जानेवारी २०२२ मध्ये परत बंद आणि २४ तारखेला परत चालू. इतक्या वेळा सराव होऊनही क्रम चुकायचा तो चुकलाच. सोमवारी फाटक उघडलं, मंगळवारी धडा सुरू, शनिवारी फीची नोटीस, महिन्याने चाचणी. आणि चाचणीचे पेपर बघितल्यावर स्टाफरूममध्ये कपाळाला हात.

मराठवाड्यातल्या कॅथलिक शाळांत काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे प्रिन्सिपल सिस्टर, मॅनेजर फादर, टीचर, बोर्डिंगच्या वॉर्डन आणि पालक प्रतिनिधी यांच्यासाठी हा क्रम लिहिला आहे. शाळा महिनाभराहून जास्त काळ मोबाईलवर चालली असेल, कारण साथ असो, पूर असो की पाणीटंचाई, तर तो लागू होतो. बरीचशी कामं शाळा उघडायच्या आधीची आहेत. शाळा उघडण्यापूर्वी तीन आठवडे हातात धरा, उघडल्यानंतर सहा.

१. तीन आठवडे आधी: इमारत आणि पाणी

हे काम शिपाईमामांवर सोपवून मोकळं होऊ नका. बंद खोलीत काय काय राहायला येतं ते बघायला दोन माणसं, एक काठी आणि दिवसाचा उजेड लागतो. मोडक्या बेंचांचा ढीग, मागच्या भिंतीलगतचे दगड-विटा आणि स्टोअररूममधली जुनी रद्दी इथे विंचू आणि साप हमखास सापडतात. छताच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं असतं. ते शाळा उघडायच्या आधीच जाणत्या माणसाकडून काढून घ्यायचं, लेकरं आल्यावर नाही.

वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असतं. मेन स्विच चालू करायच्या आधी वायरमन बोलवा. अग्निशामक सिलिंडरवरची तारीख वाचा. पत्र्याच्या खोल्यांत जूनच्या मध्यापर्यंत भट्टी पेटलेली असते, म्हणून लहान वर्ग स्लॅबच्या खोल्यांत हलवा आणि मोठ्यांना पत्र्याखाली बसवा. दरवर्षी याच्या उलट होतं, कारण पहिलीचा वर्ग ‘पूर्वीपासून तिथेच’ असतो.

पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून घासा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, ते पाणी सोडून द्या आणि मगच भरा. बोअर खूप दिवस बंद असेल तर सुरुवातीचं गढूळ पाणी झाडांना जाऊ द्या. टँकरवर अवलंबून असाल तर टँकरवाल्याशी आठवड्याचे दिवस आत्ताच ठरवा. उपकेंद्रातल्या आरोग्यसेवकाला बोलवून नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करून घ्या. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळसर रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही.

मुलींच्या संडासाची कडी आतून लागते का, बादली आहे का, पाणी शेवटच्या नळापर्यंत पोचतं का, हे एखाद्या बाईमाणसाने जाऊन बघायचं. कडी तुटकी असली की सहावी-सातवीच्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि तिसऱ्या तासाला डोकं दुखतं म्हणून घरी जातात. याला मग ‘शाळेची सवय मोडली’ असं नाव पडतं.

*तपासा: प्रत्येक वर्गखोलीत शेवटच्या बाकावर दहा मिनिटं बसा. पंखा फिरतो का, फळा दिसतो का, कुबट वास येतो का? तिथे तुम्हाला बसवलं नाही, तर लेकरांनाही बसवणार नाही.*

वाहतुकीचं थोडक्यात सांगतो. स्कूल बसचं फिटनेस आणि विमा बंद काळात संपलेला असतो. जुने ड्रायव्हर दुसऱ्या कामाला लागलेले असतात. नवा ड्रायव्हर किंवा नवा कुठलाही कर्मचारी पोलीस पडताळणीशिवाय घेऊ नका. मुली बसमध्ये असतील तर बाई मदतनीस हवीच. २०११ च्या राज्याच्या स्कूल बस नियमांनुसार शाळेची परिवहन समिती असावी लागते. ती कागदावर असेल तर तिची एक बैठक आत्ता घ्या. खेड्यांवरून मॅजिक किंवा काळी-पिवळीतून येणाऱ्या लेकरांची वेगळी यादी करा. त्या गाड्या शाळेच्या नसल्या तरी त्यात बसणारी लेकरं शाळेचीच आहेत.

२. दोन आठवडे आधी: लेकरांची खरी यादी

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. शाळेकडे तीन याद्या असतात: जनरल रजिस्टर, सरलवरची (राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदणीवरची) नोंद आणि व्हॉट्सॲप ग्रुप. तिन्ही एकमेकींशी जुळत नाहीत, आणि ग्रुप डोळ्यांसमोर असतो म्हणून सगळे त्यालाच पट धरतात. ग्रुपमध्ये नंबर आहे, निरोप वाचल्याची निळी खूण दिसते, म्हणजे लेकरू शिकत होतं, असा त्याचा अर्थ लावू नका. तो फोन बाप रानात घेऊन जात असेल.

वर्गशिक्षकाने जनरल रजिस्टर समोर ठेवून हाताने नवी यादी करायची. प्रत्येक नावापुढे चारपैकी एक खूण: नियमित होता, अधूनमधून होता, सुरुवातीला होता मग गळाला, दिसलाच नाही. त्यापुढे एका ओळीत कारण. कारण माहीत नसेल तर रकाना रिकामा सोडा, अंदाज लिहू नका. रिकामे रकाने म्हणजेच पुढच्या टप्प्यातली घरं.

यादी करताना चार गोष्टी मुद्दाम शोधा.

भावंडं. एक फोन आणि तीन लेकरं असली की फोन दहावीवाल्याला मिळतो, मग सातवीवाल्याला. दुसरीतल्या धाकट्याच्या वाट्याला रिकामी बॅटरी येते. एका घरातली सगळी लेकरं एकत्र बघितल्याशिवाय हे कळत नाही, कारण प्रत्येक वर्गशिक्षक आपापली यादी करतो. म्हणून आडनाव आणि गाव लावून याद्या एकदा एकमेकींशी ताडून पाहा.

स्थलांतर. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उघडणार असेल तर तुम्ही उघडता आणि लेकरू निघतं, असं होतं. अशांची नावं आधी काढा. आजीकडे राहणार, बोर्डिंगला येणार की हंगामी वसतिगृहात जाणार, ते ट्रॅक्टर निघायच्या आधी ठरलं पाहिजे.

तेरा वर्षांपुढच्या मुली. आठवी ते दहावीतली मुलगी ‘गळाली’ अशी खूण असेल तर तिचं घर यादीत सगळ्यात वर घ्या. शाळा बंद असताना मराठवाड्यात लग्नं लवकर उरकली जातात, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे.

घरातला मृत्यू. कोणाचे आई-वडील गेले, कोणाचे आजोबा गेले, कोणाच्या घरची कमाई थांबली. ही माहिती फक्त वर्गशिक्षक आणि प्रिन्सिपल यांच्याकडे राहील. ग्रुपवर टाकायची नाही.

*सावध: यादी पूर्ण व्हायच्या आधी ‘शाळा अमुक तारखेला सुरू’ असा मेसेज पाठवला तर जे येणारच आहेत तेच येतात. जे सुटले आहेत त्यांच्यापर्यंत तो मेसेज पोचतच नाही.*

३. दहा दिवस आधी: घरभेटी

फोन करून भागत नाही. बंद पडलेल्या नंबरांचीच ही घरं असतात.

जोडीने जा: एक टीचर आणि एक त्या वस्तीत ओळख असलेलं माणूस. धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) सिस्टर असोत, शाळेतल्या मावशी असोत की त्याच गल्लीतले पालक. कॅथलिक घरांत रविवारी सकाळी मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, वेळ टाळा. शेतकरी घरांत दिवेलागणीनंतर जा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत दुपारी गेलात तर दाराला कुलूपच दिसेल.

काय बोलायचं, ते सगळ्या जोड्यांचं सारखं हवं. आम्ही वापरतो ते असं: “ताई, फीचं बोलायला आलो नाही. सोमवारपासून शाळा भरतेय, लेकराला पाठवा. युनिफॉर्म येत नसला तर घरचे कपडे चालतील. पुस्तक नसलं तरी पाठवा.” एवढं झालं की गप्प बसायचं. पुढचं त्या बोलतात, आणि खरं कारण बहुतेक वेळा पाणी दिल्यानंतर, निघायच्या सुमारास बाहेर येतं.

युनिफॉर्मचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नाही. वाढत्या वयाचं लेकरू दीड-दोन वर्षांत पार बदलतं. जुनाच बूट काढला जातो, पायाची बोटं आत दुमडून कसाबसा घातला जातो, आणि लेकरू लंगडत येतं किंवा येतच नाही. पहिला महिना चप्पल आणि घरचे कपडे चालतील, हे लेखी सांगा. फाटकावरच्या वॉचमनलाही सांगा, कारण लेकराला परत पाठवणारा पहिला माणूस तोच असतो.

वह्या बघायला मागा. धडा किती झाला ते बघायला नको, अक्षर बघायला. एका चौथीच्या वहीत पहिली काही पानं लेकराच्या अक्षरात होती, ओळीवरून घसरणारी. मग अचानक सगळं टापटीप कर्सिव्ह, एकही खाडाखोड नाही, आणि टीचरने मोबाईलवरून दिलेलं ‘व्हेरी गुड’. घरात नववीतली ताई होती. ताईचं चुकलं असं नाही, पण त्या लेकराचं शिक्षण नेमकं कोणत्या पानावर थांबलं ते त्या वहीत तारखेसकट लिहिलेलं होतं. असं पान सापडलं की यादीत तारीख टिपून ठेवा. सातव्या टप्प्यात ती उपयोगी पडेल.

मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं तर तिथे वाद घालू नका आणि गप्पही बसू नका. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली खेड्यात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच प्रतिबंधक अधिकारी आहेत. त्यांना कळवा. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आहे. कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. शाळेने कळवलं हे गावात पसरेल ही भीती खरी आहे, म्हणून हे काम एकट्या टीचरवर टाकू नका. प्रिन्सिपलने करावं.

आई किंवा वडील गेलेल्या घरात शाळेने एक ठोस काम करावं. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा मुलांना दरमहा २२५० रुपये मिळतात. एक पालक हयात असला तरी अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, आधार, बँक पासबुक आणि शाळेचं बोनाफाईड ही मुख्य कागदपत्रं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो. बोनाफाईड मागायला त्या आईला शाळेत खेटे घालायला लावू नका. भेटीला जातानाच तयार करून न्या.

*तपासा: उघडायच्या दोन दिवस आधी यादीत ‘कारण माहीत नाही’ असे किती रकाने उरले? एका वर्गात पाचांहून जास्त असतील तर त्या वर्गाच्या घरभेटी झालेल्या नाहीत.*

४. आठवडा आधी: स्टाफ आणि पालक, वेगवेगळे

स्टाफची बैठक पालकसभेच्या आधी घ्या. दोन्ही एकाच दिवशी ठेवल्या की टीचरांना निर्णय पालकांसोबतच कळतात, आणि फाटकाबाहेर प्रत्येकजण वेगळं उत्तर देतो.

स्टाफशी तीन गोष्टी पक्क्या करा: पहिले पाच दिवस पुस्तक उघडायचं नाही, पहिला महिना गुण द्यायचे नाहीत, आणि लेकराने घरातल्या मारहाणीबद्दल किंवा लैंगिक त्रासाबद्दल काही सांगितलं तर काय करायचं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. बंद घरात महिने काढून आलेलं लेकरू विश्वासाच्या टीचरला काहीतरी बोलून जातं. ऐकून घ्या, खोदून विचारू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. पॉक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. ‘आधी फादरांना सांगू, संस्था बघेल’ हे उत्तर कायद्याला चालत नाही. आरोप कोणावरही असो, शाळेच्या, चर्चच्या किंवा बोर्डिंगच्या माणसावर असला तरी, हेच लागू. सखी सावित्री समितीच्या, म्हणजे शाळेतल्या बालसुरक्षा समितीच्या, सदस्यांची नावं आणि तक्रारपेटी लेकरांना दिसेल अशा ठिकाणी लावा. पेटी प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर ठेवली तर तिच्यात चिठ्ठी पडत नाही.

पालकसभा वर्गवार घ्या. मराठीत घ्या, जिथे गरज असेल तिथे हिंदी-उर्दूत. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सभाही इंग्रजीत घेतली की मागच्या रांगेतले पालक माना डोलावतात आणि घरी जाऊन शेजाऱ्याला विचारतात.

फीचा विषय या सभेत काढू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने त्या वर्षीच्या फीत १५ टक्के कपातीचा आदेश काढला, त्यावरून बऱ्याच ठिकाणी शाळा आणि पालक यांच्यात जी कटुता आली ती अजून पुरती गेलेली नाही. थकबाकीसाठी वेगळी तारीख, वेगळी खोली आणि हप्ते ठरवायचा अधिकार असलेलं एक माणूस ठेवा. थकबाकीसाठी लेकराला वर्गाबाहेर उभं करणं, निकाल किंवा दाखला अडवणं बंद. कॉन्व्हेंटची अब्रू अशाच एका लेकराच्या रडण्याने गावभर जाते, हे माझं स्पष्ट मत.

५. पहिले पाच दिवस: पुस्तक बंद

शाळा अर्धा दिवस ठेवा. पहिले दोन दिवस सम-विषम रोल नंबर लावून अर्धाच वर्ग बोलवला तर फार बरं.

पहिला दिवस जागा ओळखण्याचा. नळ कुठे, संडास कुठे, बाक कोणता, टीचर कोण. पहिली-दुसरीच्या लेकरांनी शाळा पाहिलेलीच नसते. नावाला ती दुसरीत असतात, खरी बालवाडीतून आलेली. त्यांना पालक अर्धा तास वर्गात बसले तर चालतील, आणि हे आधीच सांगा.

दुसऱ्या दिवसापासून शरीराचा सराव. ताठ बसणं, पेन्सिल धरणं, फळ्यावरून पाहून लिहिणं, रांगेत थांबणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं. फळ्यावरून उतरवायला चार-पाच ओळी द्या आणि टीचरने लिहू नये, फक्त बघावं. कोण डोळे बारीक करतो, कोण शेजारच्याच्या वहीत बघून लिहितो? मोबाईलच्या पडद्यापुढे महिने घालवल्यावर चष्म्याची गरज असलेली बरीच लेकरं इथेच सापडतात. अनुदानित शाळा असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची तारीख मागा. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचं टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन राहिलंय का, तेही तेव्हाच बघून घ्या.

हात लिहायला सरावलेला नसतो. पाचवीचं लेकरू अर्ध्या पानावर दमतं आणि हात झटकतं. पहिल्या आठवड्यात अर्धं पान, दुसऱ्यात पाऊण. आळस म्हणून ओरडू नका.

डबा एकत्र खाऊ द्या. खेळाचा तास कापू नका. ‘अभ्यास मागे पडलाय’ म्हणून पीटीचा तास गणिताला देणं ही जवळपास प्रत्येक शाळेतली पहिल्या आठवड्यातली चूक, आणि तिसऱ्या आठवड्यात वर्गातली भांडणं तिथूनच सुरू होतात.

*तपासा: पाचव्या दिवशी हजेरी पहिल्या दिवसापेक्षा (अर्धाच वर्ग बोलवला असेल तर पहिल्या दोन दिवसांच्या बेरजेपेक्षा) कमी असेल तर पुढे जाऊ नका. कोण गळालं ते त्याच संध्याकाळी शोधा.*

६. प्रार्थना, शोक आणि धर्मशिक्षण

आपल्या शाळांत कॅथलिक लेकरं मूठभर असतात. बाकी हिंदू, बौद्ध, मुस्लिम. म्हणून गेलेल्यांचं स्मरण कसं करायचं, याचा विचार आधी करा.

सगळ्यांसाठी परिपाठात दोन मिनिटं स्तब्धता पुरे. नावं वाचायची असतील तर घरच्यांना विचारून. ज्यांचे आई-वडील गेले त्या लेकरांना पुढे बोलवून उभं करू नका. हे चांगल्या भावनेने केलं जातं आणि लेकरू त्या दिवसानंतर ‘तो बिनबापाचा’ म्हणून ओळखलं जातं. कॅथलिक कुटुंबांसाठी वेगळी मिस्सा ठेवा. २ नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस, जवळ असेल तर तोच दिवस योग्य. इतर कोणाला यायचं असेल तर यावं, पण हजेरी लावू नये. संविधानाच्या २८(३) कलमानुसार मान्यताप्राप्त शाळेत अल्पवयीन मुलाला धार्मिक उपासनेत किंवा शिक्षणात सामील करायला पालकांची संमती लागते.

धर्मशिक्षणाचे वर्ग ऑनलाइनमध्ये सगळ्यांत आधी बंद पडतात. पहिल्या कम्युनियनची (पवित्र भाकरी पहिल्यांदा घेण्याच्या विधीची) तयारी अर्धवट राहिलेली लेकरं दोन वयोगटांची होतात. त्यांना एकाच वर्गात कोंबून नाताळच्या आत उरकायची घाई करू नका. धर्मग्रामाच्या फादरांशी बसून दोन तुकड्या करा आणि वेळ शाळेच्या तासांबाहेरचा घ्या. बाकीच्यांचा नीतिशिक्षणाचा तास या काळात व्याख्यानाचा नको. घरात काय बदललं, कोणाची आठवण येते, भीती कशाची वाटते, यावर चित्र काढू द्या, बोलू द्या.

बोर्डिंगमध्ये वॉर्डन सिस्टरांनी पहिला पंधरवडा रात्रीचा अभ्यास अर्ध्या तासाने कमी करावा. घरची आठवण रात्री जेवणानंतर येते. फोनची वेळ ठरवून द्या, पण फोन रोज मिळावा.

७. दुसरा आठवडा: पातळी तपासणी

आता कुठे अभ्यास. तोही पुस्तकातून नाही.

अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या दुसरी ते सहावीच्या मुलांची पाहणी केली. ९२ टक्के मुलं आधी येत असलेलं भाषेचं किमान एक कौशल्य गमावून बसली होती, गणितात हे प्रमाण ८२ टक्के होतं. महाराष्ट्र त्या पाच राज्यांत नव्हता, पण आपल्या वर्गात वेगळं काही निघेल असं समजू नका. पुढचे धडे राहिले एवढंच नाही, मागचंही पुसलं गेलेलं असतं.

लेखी चाचणी घेऊ नका. एकेका लेकराला बाजूला बोलवून, तोंडी, पाच-सात मिनिटं. ‘असर’ या देशभरच्या ग्रामीण शिक्षण पाहणीत वापरतात ती पद्धत साधी आणि पुरेशी आहे. वाचनासाठी एका कागदावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. उताऱ्यापासून सुरू करा. जमला तर गोष्ट द्या, अडलं तर शब्द, मग अक्षरं. गणितासाठी १ ते ९ ओळखणं, मग ११ ते ९९, मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार.

इंग्रजी माध्यमात वाचन दोन भाषांत तपासा, इंग्रजी आणि मराठी. नुसतं इंग्रजीत तपासलं तर वाचताच येत नाही की इंग्रजी सुटलंय, हे कळत नाही. मराठीत सहज गोष्ट वाचणारं आणि इंग्रजीत शब्दावर अडणारं लेकरू वेगळं. दोन्हीकडे अक्षरावर अडणारं वेगळं, आणि त्याच्यासाठी पहिले दोन आठवडे मराठीतूनच वाचायला बसवावं. कॉन्व्हेंटमध्ये याला विरोध होतो. होऊ द्या.

ही तपासणी आठवीपर्यंत सगळ्यांची करा. सहावी-सातवीत गरज नाही, असं ठरवून सोडून देतात, आणि भागाकार न येणारी लेकरं बीजगणितात जाऊन बसतात. घरभेटीत वहीतली जी तारीख टिपली होती ती आता काढा. त्या महिन्याच्या आसपास शिकवलेल्या भागापासून चाचपणी सुरू केली की वेळ वाचतो.

*सावध: निकाल वर्गात जाहीर करायचा नाही, ग्रुपवर तर नाहीच. पालकांना एकेकट्यांना सांगा, आणि ‘मागे आहे’ असं न म्हणता ‘वजाबाकीपासून सुरू करतोय’ असं सांगा.*

८. तिसरा ते सहावा आठवडा: गट पाडून शिकवणं

रोजचे पहिले दोन तास, एक भाषेचा आणि एक गणिताचा, गटांसाठी. तिसरी ते पाचवी एकत्र धरा आणि पातळीनुसार गट करा. वर्ग बाजूला ठेवा. तिसरीचं हुशार लेकरू आणि पाचवीचं अडलेलं लेकरू एका गटात बसू शकतं. पाचवीतल्याला लाज वाटते, म्हणून गटांना ‘अ-ब-क’ देऊ नका. नद्यांची नावं द्या: गोदावरी, मांजरा, पूर्णा, दुधना. आणि दर पंधरा दिवसांनी लेकरं हलवा. जे गट हलत नाहीत ते महिन्याभरात ‘ढ’ तुकडी होतात.

अक्षरावर अडलेल्या गटाला शाळेतली सगळ्यांत अनुभवी टीचर द्या. बहुतेक ठिकाणी नवख्या टीचरला देतात आणि अनुभवी टीचर दहावीला ठेवतात.

बाकीचे तास नेहमीच्या वर्गात, पण अभ्यासक्रमाची चाळणी करून. राज्याने जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यास दिला होता, त्याच्या कृतिपत्रिका अजून उपयोगी आहेत. त्या ओळीने सगळ्या भरून घ्यायच्या नसतात. पातळी तपासणीत जे अडलं तेवढ्याच उचला.

नववी-दहावीला हे सगळं लागू होत नाही. तिथे बोर्डाची तारीख डोक्यावर असते. त्यांना रोज शाळेनंतर पाऊण तास, तीन गोष्टींसाठी: हाताने पेपर लिहायचा सराव, विज्ञानाचे राहिलेले प्रयोग, आणि मागच्या वर्षाच्या गणितातले अडलेले भाग. सराव पेपर घरी देऊ नका. शाळेत बसवून लिहून घ्या, घड्याळ लावून.

९. सहाव्या आठवड्याचा शेवट

तीच तोंडी तपासणी पुन्हा घ्या, त्याच टीचरने नाही. शेजारच्या वर्गाच्या टीचरने घेतली की आकडे खरे येतात. जी लेकरं एकही पायरी हलली नाहीत त्यांची यादी वेगळी काढा. त्यांतली काही ऐकण्या-बघण्याची अडचण असलेली निघतील, काही उपाशी येणारी, काहींचं घरचं अजून निस्तरलेलं नसेल. त्यांना आणखी कृतिपत्रिका देऊन काही होणार नाही. पुन्हा तिसऱ्या टप्प्यावर जा, घरी.

ऊसतोडीला निघणाऱ्या लेकरांची तपासणी सहा आठवड्यांची वाट न बघता ते निघायच्या आदल्या आठवड्यात करा. एका पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर वाचन कुठपर्यंत, गणित कुठपर्यंत, पुढे काय घ्यायचं आणि टीचरचा फोन नंबर मराठीत लिहा. कारखान्याच्या तळावर किंवा हंगामी वसतिगृहात जो कोणी शिकवत असेल त्याच्या हातात ते पडावं म्हणून कार्ड आईकडे द्या, दप्तरात नको. एक प्रत शाळेत ठेवा. एप्रिलमध्ये लेकरू परतलं की तपासणी त्या कार्डापासून सुरू करायची.